सेंट हेलेना ते असेन्शन : १,३०० किलोमीटरचे अंतर आणि विमानाला लागणारा खरा वेळ

अवंती_सांगली
नमस्कार मंडळी. दक्षिण अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना आणि असेन्शन या दोन बेटांमधील हवाई प्रवासाविषयी मला एक शंका आहे. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते आणि बृहद्‌वृत्तावरील (म्हणजे पृथ्वीगोलावरील सर्वांत जवळच्या वाटेवरील) अंतर समजावून सांगण्यासाठी मुलांच्या फारशी परिचयाची नसलेली दोन ठिकाणे शोधत होते. अंतर काढून देणाऱ्या एका संकेतस्थळावर ही दोन नावे टाकली असता ‘अंतर १,३०१ किलोमीटर, विमानाचा वेळ २ तास ८ मिनिटे’ असे उत्तर मिळाले. तिकिटे काढून देणाऱ्या दुसऱ्या संकेतस्थळाने मात्र या मार्गावर सेवाच नसल्याचे सांगितले, आणि एका जुन्या प्रवासलेखात या दोन बेटांमधील प्रवासाला दोन दिवस लागतात असे लिहिलेले आढळले. दोन तास, दोन दिवस आणि ‘सेवा नाही’ यांपैकी मुलांना काय सांगावे? मुळात तो २ तास ८ मिनिटांचा आकडा येतो कुठून, आणि असे विमान खरोखर उडते का?

गणितवेडा
आकड्याचा उगम सोपा आहे. सेंट हेलेनाचा विमानतळ साधारण १५.९६ अंश दक्षिण, ५.६५ अंश पश्चिम येथे आहे आणि असेन्शनचा ७.९७ अंश दक्षिण, १४.३९ अंश पश्चिम येथे. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून गोलीय त्रिकोणमितीने या दोन बिंदूंमधील अंतर काढले की १,३०१ किलोमीटर, म्हणजे सुमारे ७०२ नॉटिकल मैल येतात. पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे अशा हिशेबात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याची तफावत राहू शकते, पण शाळेसाठी ती सोडून देण्यास हरकत नाही.

वेळेचे गणित तर याहूनही बाळबोध आहे. अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागले की १ तास ३८ मिनिटे येतात आणि चढण्या-उतरण्यासाठी सरसकट अर्धा तास मिळवला की २ तास ८ मिनिटे होतात. तुमच्या संकेतस्थळाने नेमके हेच केलेले दिसते.

खारा_वारा
त्याच संकेतस्थळावर आत्ता सेंट हेलेना ते ट्रिस्टन दा कुन्या असे विचारून पाहिले. उत्तर आले : सुमारे २,४४० किलोमीटर, साडेतीन तास. ट्रिस्टनवर विमानतळच नाही आणि तेथे जाण्यासाठी केप टाउनहून बोटीने साधारण आठवडाभर प्रवास करावा लागतो. विमान साडेतीन तासांत बेटाच्या डोक्यावर पोहोचेल यात शंका नाही, पण पुढे प्रवाशांनी काय करायचे याबद्दल संकेतस्थळाने मौन बाळगले आहे.

निवृत्त_नाविक
अवंतीताई, तुम्ही वाचलेले ‘दोन दिवस’ही खरेच आहेत, फक्त ते जुन्या काळातील आहेत. या बेटांची सगळी ने-आण पूर्वी ‘आरएमएस सेंट हेलेना’ या टपाल-प्रवासी बोटीवर अवलंबून होती आणि ती केप टाउन, सेंट हेलेना आणि असेन्शन यांच्या दरम्यान फिरत असे. ७०२ नॉटिकल मैलांना १५ नॉटच्या (ताशी १५ नॉटिकल मैलांच्या) वेगाने भागा, ४७ तास होतात. विमानसेवा सुरू झाल्यानंतर फेब्रुवारी २०१८ मध्ये या बोटीने बेटाचा शेवटचा निरोप घेतला.

व्यापारी जहाजावर असताना सेंट हेलेना मी दुरून पाहिले आहे. समुद्रातून थेट वर उठलेले काळपट कडे आणि त्यांच्या माथ्याला चिकटलेले ढग एवढेच दिसत होते. त्या कड्यांवर कधी काळी धावपट्टी होईल असे त्या वेळी कोणी सांगितले असते, तर मी हसलो असतो.

तिसरी_खिडकी
धावपट्टी झाली, पण तिची कथा ऐकण्यासारखी आहे. बेटाच्या पूर्व बाजूला प्रॉस्परस बे प्लेन नावाचे पठार आहे. त्याला लागून असलेली एक खोल घळ प्रचंड भराव घालून बुजवली आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर विमानतळ बांधला. ब्रिटिश सरकारने त्यासाठी सुमारे २८.५ कोटी पौंड खर्च केले. मे २०१६ मध्ये उद्घाटन होणार होते. त्याआधी एप्रिलमध्ये बोइंग ७३७-८०० जातीचे विमान चाचणीसाठी तेथे उतरले, तेव्हा कड्यांवरून येणाऱ्या वाऱ्याचा वेग आणि दिशा क्षणाक्षणाला बदलत असल्याचे दिसून आले आणि नियमित सेवा लांबणीवर पडली. ब्रिटनमधील वृत्तपत्रांनी ‘जगातील सर्वांत निरुपयोगी विमानतळ’ अशी त्याची टिंगलही केली.

शेवटी दक्षिण आफ्रिकेच्या एअरलिंक कंपनीने एम्ब्राएर १९० हे त्यामानाने लहान विमान वापरून १४ ऑक्टोबर २०१७ रोजी जोहान्सबर्गहून पहिली नियमित फेरी केली. सुरुवातीच्या काळात वजनाच्या मर्यादेमुळे केवळ ७६ प्रवासी नेले जात. हेच विमान महिन्यातून एकदा सेंट हेलेनाहून पुढे असेन्शनला जाऊन परत येऊ लागले. त्यामुळे ‘सेवा नाही’ हे उत्तर बरोबर नाही. महिन्यातून एकदा असणारी फेरी तुम्ही निवडलेल्या तारखेला नव्हती, एवढाच त्याचा अर्थ असावा.

मधुमालती
नेपोलियनला इंग्लंडच्या किनाऱ्यावरून सेंट हेलेनाला पोहोचायला ऑगस्ट ते ऑक्टोबर १८१५ असे सुमारे दहा आठवडे लागले होते, आणि परतीचे तिकीट त्याच्याकडे नव्हते. त्या मानाने महिन्यातून एक विमान ही चैनच म्हणायला हवी.

अवंती_सांगली
सर्वांचे आभार. तिसरी_खिडकी यांच्या माहितीतून नवी शंका निर्माण झाली. जोहान्सबर्ग ते सेंट हेलेना हे अंतर साधारण ३,७०० किलोमीटर भरते, आणि तरीही जाताना विमान नामिबियात वॉल्विस बे किंवा विंडहूक येथे इंधनासाठी थांबते असे वाचले. एवढे अंतर या जातीच्या विमानाला एका दमात कापता येत नाही का?

डिस्पॅच_डेस्क
मी एका विमान कंपनीत उड्डाण नियोजनाचे काम करतो, म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देतो. (ही कंपनी या बेटांवर जात नाही, हे आधीच सांगून ठेवतो.)

विमान किती दूर जाऊ शकते यापेक्षा, तेथे पोहोचल्यावर उतरता आले नाही तर पुढे काय, हा आमच्या कामातील पहिला प्रश्न असतो. मुंबईला उतरता आले नाही तर अहमदाबाद, हैदराबाद, गोवा असे पर्याय असतात. त्यामुळे मुक्कामापर्यंतचे इंधन, थोडी तजवीज, पर्यायी विमानतळापर्यंतचे इंधन आणि त्यावर अर्धा तास घिरट्या घालण्यापुरता साठा घेतला की काम भागते. सेंट हेलेनाच्या आसपास असा पर्याय नाही. सर्वांत जवळची धावपट्टी असेन्शनची आणि ती १,३०० किलोमीटरवर आहे, तर मुख्य भूमीवरील वॉल्विस बे २,२६० किलोमीटरवर आहे. बेटावर वाऱ्याने उतरू दिले नाही तर विमानाला आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत परत येता आले पाहिजे, म्हणून टाकी शक्य तितक्या जवळून भरून निघणे शहाणपणाचे ठरते. परतीच्या वेळी जोहान्सबर्गच्या परिसरात हवे तितके पर्याय असतात, त्यामुळे थेट उड्डाण करता येते. म्हणजे एकाच मार्गावर जाताना आणि येताना लागणारा वेळ वेगवेगळा असतो आणि त्याचे कारण वाऱ्यापेक्षा इंधनात अधिक आहे.

फारच एकाकी ठिकाणांसाठी आणखी एक तरतूद आहे. पर्यायी विमानतळ गृहीत न धरता मुक्कामाच्या डोक्यावर सुमारे दोन तास उडत राहता येईल एवढे इंधन न्यायचे आणि वाटेत एक बिंदू ठरवायचा. त्या बिंदूपर्यंत पोहोचल्यावर बेटावरील हवामानाची ताजी खबर घ्यायची. ती चांगली असेल तर पुढे जायचे, नसेल तर तेथूनच मागे फिरायचे, कारण तो बिंदू ओलांडल्यावर परतण्याचा मार्ग बंद होतो. दोन तासांचे इंधन म्हणजे काही टन वजन, आणि ते वजन नेण्यासाठी प्रवासी किंवा सामान कमी करावे लागते. सेंट हेलेनाची धावपट्टी जेमतेम १,९५० मीटर लांब असल्यामुळे तेथे हा हिशेब अधिकच काटेकोर होतो.

आता तुमच्या मूळ मार्गाविषयी. असेन्शनची वाइडअवेक धावपट्टी अमेरिकी लष्कराने १९४२ मध्ये बांधली आणि ती आज सुमारे तीन किलोमीटर लांब आहे. त्यामुळे सेंट हेलेनाहून असेन्शनला उतरताना फारशी धास्ती नसते. उलट दिशेने येताना मात्र कड्यांवरील वारा आडवा येऊ शकतो. समजा उतरता आले नाही आणि विमान असेन्शनला परत नेले, तर चार-साडेचार तास उडून प्रवासी जेथून निघाले तेथेच पोहोचतात. अंतर दोन्ही दिशांना १,३०१ किलोमीटरच आहे, पण पोहोचण्याची खात्री दोन्ही दिशांना सारखी नाही.

गणितवेडा
हे सर्व मान्य केले तरी मूळ प्रश्नाचे उत्तर बदलत नाही. उड्डाणाचा वेळ म्हणजे अंतर भागिले वेग. इंधन किती भरले, पर्यायी विमानतळ कोणता ठरवला, महिन्यातून किती फेऱ्या होतात, या सर्व व्यवस्थेच्या बाबी आहेत, भूगोलाच्या नव्हेत.

निवृत्त_नाविक
गणितवेडा, ज्या गावाला दिवसातून एकच मुक्कामाची एसटी जाते, त्या गावाचे अंतर कोणी किलोमीटरमध्ये सांगत नाही, गाडी किती वाजता सुटते ते सांगतात. बेटांचे तसेच आहे.

कोकणकडा
वाऱ्याचा मुद्दा इतक्या सहज सोडून देता येणार नाही. सेंट हेलेना आणि असेन्शन ही दोन्ही बेटे आग्नेय व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात आहेत आणि असेन्शन हे सेंट हेलेनाच्या वायव्येला आहे. म्हणजे जाताना वारा थेट पाठीशी आणि येताना थेट तोंडावर. शिडाच्या जहाजांना हा फरक फार जाणवत असे, विमानांनाही जाणवलाच पाहिजे.

डिस्पॅच_डेस्क
कोकणकडा, शिडाच्या जहाजांबाबत आपण म्हणता ते योग्य आहे. व्यापारी वाऱ्यांचा थर मात्र साधारण पहिल्या एक-दोन किलोमीटर उंचीपर्यंतच ठळक असतो. जेट विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जाते आणि विषुववृत्ताजवळ त्या उंचीवरील वारे बहुधा मंद आणि दिशेने अनिश्चित असतात. त्यामुळे या मार्गावर वाऱ्यामुळे काही मिनिटांचाच फरक पडेल. व्यापारी वारे येथे जाणवतात ते चढताना, आणि विशेषतः सेंट हेलेनाच्या कड्यांवर उतरताना.

कोकणकडा
काही मिनिटे म्हणजे फरक पडलाच की.

महेश_ऑकलंड
उंचावरील वाऱ्याचा खरा परिणाम पाहायचा असेल तर विषुववृत्तापासून दूर यावे. प्रशांत महासागरातील ईस्टर बेट ते ताहिती हे अंतर सुमारे ४,२५० किलोमीटर आहे. २०२० ची साथ येईपर्यंत सांतियागोहून ईस्टर बेटावर आलेले विमान आठवड्यातून एकदा पुढे ताहितीला जात असे. ईस्टर बेट २७ अंश दक्षिणेला आहे आणि तेथे, विशेषतः तेथील हिवाळ्यात (म्हणजे जून-ऑगस्टच्या सुमारास), उंचावर पश्चिमी वारे जोरदार असतात. त्यामुळे ताहितीकडे जाताना सहा तासांच्या आसपास आणि तिकडून येताना त्याहून बराच कमी वेळ लागत असे.

अवंतीताईंच्या वर्गासाठी हा मार्ग अधिक उपयोगी ठरेल असे वाटते. ताहिती हे ईस्टर बेटापेक्षा जवळजवळ दहा अंश उत्तरेला आहे, तरीही बृहद्‌वृत्तावरून निघालेले विमान सुरुवातीला २७६ अंशांवर, म्हणजे जवळपास थेट पश्चिमेकडे तोंड करून निघते आणि हळूहळू उजवीकडे वळत शेवटी २९२ अंशांवर येते. सपाट नकाशावर ही वाट दक्षिणेकडे फुगलेली दिसते. सेंट हेलेना-असेन्शन हे अंतर कमी आणि विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे तेथे बृहद्‌वृत्त आणि नकाशावर पट्टीने काढलेली रेषा यांत मुलांना फरकच दिसणार नाही.

घड्याळाची गंमत वेगळीच. तेथील हिवाळ्यात ईस्टर बेटावरून दुपारी बाराला निघून सहा तास उड्डाण केले, तर ताहितीत उतरताना तेथील घड्याळात दुपारचे दोनच वाजलेले असतात. तिकिटावरील निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ पाहून कोणी वजाबाकी केली, तर ४,२५० किलोमीटर दोन तासांत कापल्याचे दिसेल.

खारा_वारा
त्या हिशेबाने वेग ताशी २,१०० किलोमीटरहून अधिक पडतो. गणितवेडा यांचे ‘अंतर भागिले वेग’ येथे लावून पाहावे.

शर्वरी_क
घड्याळाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. किरिबाती या देशातील तारावा आणि किरितिमाती ही दोन बेटे एकाच देशात असूनही एकमेकांपासून सुमारे ३,२८० किलोमीटर दूर आहेत. १९९५ पूर्वी त्यांच्या मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जात असे, त्यामुळे एकाच देशाच्या दोन टोकांना वेगवेगळे वार असत. किरिबातीने ती रेषा पूर्वेकडे सरकवली, तेव्हापासून दोन्हींचा वार एक झाला आणि घड्याळात दोन तासांचा फरक उरला. याउलट किरितिमाती आणि होनोलुलू ही ठिकाणे जवळपास एकाच रेखावृत्तावर, सुमारे २,१५० किलोमीटर अंतरावर आहेत. दोन्हीकडे घड्याळे अगदी सारखी चालतात, फक्त तारखेत पूर्ण एका दिवसाचा फरक असतो. बुधवारी सकाळी दहाला किरितिमातीहून निघालेला प्रवासी तीन तासांनी होनोलुलूला उतरतो, तेव्हा तेथे मंगळवारची दुपार असते.

सेंट हेलेना आणि असेन्शन यांच्यात अशी कोणतीही भानगड नाही. दोन्ही बेटे वर्षभर ग्रीनिच वेळ पाळतात, त्यामुळे तेथे तिकिटावरील वजाबाकी सरळ निघते.

अंदमानची_वाट
एवढ्या लांब जाण्याऐवजी आपल्याकडील उदाहरण का घेऊ नये? पोर्ट ब्लेअर (आताचे श्री विजयपुरम) आणि लक्षद्वीपमधील अगत्ती यांच्यात सरळ अंतर सुमारे २,२४० किलोमीटर आहे. वरील सूत्राने ३ तास १८ मिनिटे येतात. पण या दोन बेटांमध्ये थेट विमान नाही. अगत्तीची धावपट्टी इतकी आखूड आहे की तेथे एटीआरसारखी पंख्याची लहान विमानेच उतरतात. त्यामुळे अगत्तीहून कोची, तेथून चेन्नई किंवा बंगळुरू आणि मग अंदमान, असे टप्पे घ्यावे लागतात. गाड्या नीट जुळल्या नाहीत तर वाटेत मुक्काम ठरलेला.

मुलांना आणखी एक गोष्ट विचारता येईल. या दोन ठिकाणांच्या रेखांशांत साडेवीस अंशांचा फरक आहे, म्हणजे सूर्य अंदमानात अगत्तीपेक्षा सुमारे ८२ मिनिटे आधी माथ्यावर येतो, आणि तरीही दोन्हीकडे भारतीय प्रमाणवेळच आहे.

अवंती_सांगली
हे उदाहरण नक्की घेणार, कारण वर्गातील काही मुले अंदमानला सेल्युलर जेल पाहून आलेली आहेत. तरी माझा मूळ प्रश्न अजून अर्धवट राहिला आहे. समजा एखाद्याला सेंट हेलेनाहून असेन्शनला जायचे आहे आणि महिन्याचे ते एक विमान चुकले, तर काय?

तिसरी_खिडकी
एक तर पुढच्या महिन्याची वाट पाहायची, नाही तर जगाला वळसा घालायचा. असेन्शनला जाणारी दुसरी मोठी वाट म्हणजे ब्रिटिश हवाई दलाची, इंग्लंडमधील ब्राइझ नॉर्टनहून फॉकलंडला जाणारी विमाने. त्यांत मोजक्या जागा नागरिकांना मिळत आल्या आहेत. २०१७ मध्ये वाइडअवेकची धावपट्टी खराब झाल्यामुळे ही मोठी विमाने तेथे उतरणे बंद झाले आणि असेन्शनवरील लोकांसाठी सेंट हेलेनाची मासिक फेरी हाच प्रमुख आधार उरला. पुढे धावपट्टी नव्याने बांधली गेली.

आता वळशाचा हिशेब पाहा. सेंट हेलेना ते जोहान्सबर्ग ३,६८० किलोमीटर, जोहान्सबर्ग ते लंडन सुमारे ९,०७० आणि ब्राइझ नॉर्टन ते असेन्शन सुमारे ६,७५०. एकूण १९,५०० किलोमीटर, म्हणजे सरळ अंतराच्या पंधरापट. नुसते हवेतील तास मोजले तरी चोवीसच्या आसपास जातात, आणि जोडविमानांची वाट पाहण्याचे दिवस वेगळे.

मधुमालती
पण इतका खटाटोप करून असेन्शनला जाते कोण?

निवृत्त_नाविक
असेन्शनवर कायमचे रहिवासी असे कोणी नाहीत. तेथील तळांवर आणि कचेऱ्यांत काम करणाऱ्यांपैकी बरेच जण सेंट हेलेनाचे असतात आणि त्यांची कुटुंबे मूळ बेटावर राहतात. आखाती देशांत नोकरी करणाऱ्या कोकणातील माणसाला सुट्टीचे विमान जसे महत्त्वाचे, तसेच त्यांना हे महिन्याचे विमान.

गणितवेडा
तरीही मुलांना परीक्षेत २ तास ८ मिनिटे लिहिले तर गुण मिळावेत, अशी माझी विनंती आहे.

डिस्पॅच_डेस्क
गुण अवश्य द्यावेत, कारण ते उत्तर वास्तवाच्या जवळच आहे. एम्ब्राएर १९० या विमानाचा स्थिर उड्डाणातील वेग ताशी ८२० किलोमीटरच्या आसपास धरला आणि चढणे, उतरणे, जमिनीवर रांगणे हे सर्व जमेस धरले, तर या मार्गावर चाके हलल्यापासून चाके थांबेपर्यंत साधारण दोन तासच लागतात. फक्त प्रश्न विचारताना ‘उड्डाणाचा वेळ’ आणि ‘प्रवासाचा वेळ’ असे दोन स्वतंत्र प्रश्न विचारावेत आणि दुसऱ्यासाठी मुलांना वेळापत्रक शोधायला लावावे.

लांब पल्ल्याचे उदाहरण हवे असल्यास असेन्शन ते फॉकलंड घ्यावे. अंतर सुमारे ६,३०० किलोमीटर. अर्जेंटिनाविरुद्धच्या १९८२ च्या युद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या व्हल्कन विमानाने असेन्शनहून निघून फॉकलंडवरील धावपट्टीवर बॉम्ब टाकले आणि ते परत आले. मध्ये उतरण्याची सोय नसल्यामुळे त्या सुमारे सोळा तासांच्या फेरीसाठी वाटेत हवेतच इंधन देणारी अकरा टँकर विमाने लागली. ‘अंतर भागिले वेग’ हे सूत्र लावून मुलांनी सोळा तास आणून दाखवावेत, आणि संकेतस्थळाच्या सूत्रात काय जमेस धरलेले नाही ते लिहावे.

अवंती_सांगली
हा गृहपाठ सोमवारी देते. ईस्टर बेट-ताहिती नकाशावर काढायला आणि अगत्ती-अंदमान वेळापत्रकासह. सेंट हेलेनाच्या मासिक फेरीची तारीख मुलांनी कोठे पाहावी?

तिसरी_खिडकी
एअरलिंकच्या संकेतस्थळावर पाहावी. फेऱ्यांचे वेळापत्रक बदलत राहते, म्हणून त्याच आठवड्यात पाहिलेले बरे. आणि कोणी खरेच जाणार असेल, तर असेन्शनवर उतरण्यासाठी तेथील प्रशासनाची परवानगी आधी काढावी लागते, तिच्याशिवाय विमानात बसूच देत नाहीत.